फेट्यावरचा ओला पांढरा

इतकी वर्षं हे लिहायचं टाळलं. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, आजही नाही... आणि खरं सांगायचं तर लाज वाटत होती.

बीड जिल्ह्यात, केजजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो. दुष्काळ पडलेला. ऊस नाही, गाळप बंद; लॅबमध्ये आम्ही नुसत्या बाटल्या पुसत बसायचो.

चेअरमननी आपल्या पणजोबांचं तैलचित्र कारखान्याच्या सभागृहात लावलं. हैदराबादच्या चित्रकाराने पणजोबांना समोर बसवून काढलंय, असं ते सगळ्यांना सांगत. सभासदांच्या बैठकीत सखूबाई उठल्या. खडी फोडायच्या कामावरून तशाच आल्या होत्या. नवरा चित्रं काढायचा, आदल्या वर्षी वारलेला.

"ह्यो फोटू माझ्या मालकानं काढलाय. तुमच्या वडलांनी सांगितलं म्हणून, तुमच्याच माडीवर. खाली त्याचं नाव तरी लिवा."

"काढताना तुमी बघितलं का?" चेअरमन म्हणाले.

"मला कोण माडीवर येऊ देतंय? त्यानंच सांगितलं मला. घरात कोरड्यासाला तेल न्हाई, आन् हा बाबा करडीचं तेल रंगात घालायचा. लई भांडले मी!"

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "आपला केमिस्ट रिकामाच बसलाय की बे! तपासू द्या त्याला!"

चेअरमनना नाही म्हणता येईना.

फेट्याच्या कडेचा चिमूटभर रंग मी ब्लेडने खरवडला. इतक्या जुन्या चित्रात पांढरा म्हणजे बहुधा शिशाचा सफेदा. तो आम्लात विरघळतो, वर सल्फाइड घातलं की काळा पडतो. हा विरघळला नाही, काळाही पडला नाही. टायटॅनियमचा पांढरा... पणजोबांच्या काळात तो नव्हताच. बाई खरं बोलत होत्या.

चेअरमनना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, क्वार्टरला पाणी येतंय ना तुमच्या? गावात टँकर पण न्हाई... उद्या सगळ्यांसमोर करा. आन् नीट करा."

उसाचा रस निवळायला लॅबमध्ये शिशाचं द्रावण असतं. दुसऱ्या दिवशी मी त्याचीच नळी न धुता घेतली. सल्फाइडचा थेंब पडला आणि आतलं सगळं काळं झालं.

"शिसं आहे," मी म्हणालो. "चित्र जुनं आहे."

सखूबाई नळीकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून निघून गेल्या.

दुपारी मी सभागृहात गेलो. खरवडलेली जागा भरलेली होती. बोट लावलं, तर रंग ओला! करडीच्या तेलाचा वास. तेलरंग एकदा वाळला की वाळला, हवेने घट्ट झालेलं तेल परत पातळ होत नाही. कुणी येऊन लावला म्हणावं, तर सभागृहाला कुलूप, आणि तपासणीसाठी दिलेली किल्ली माझ्या खिशात. मी पुसला. सकाळी पुन्हा ओला. पार कापड दिसेपर्यंत खरवडला... तरी पुन्हा. ब्रशच्या केसांच्या रेघासुद्धा दिसत होत्या. स्वच्छ नळीत तपासला, काळा पडला नाही.

आपल्याला भास होतोय म्हणून शिपायाला बोलावलं. त्याने बोट लावलं, पांढरं झालेलं बोट पायजम्याला पुसलं आणि म्हणाला, "साहेब, मला हितं परत बोलवू नका."

मी पुसत राहिलो, रंग येत राहिला. शेवटी चेअरमननी चित्र घरी नेलं. त्यांच्याकडे काय झालं, ते ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. रसायनशास्त्रात आयुष्य गेलं माझं, पण याचं कारण आजही सापडलेलं नाही.

पुढे केजच्या स्टँडवर सखूबाई दिसल्या. टोळीबरोबर ऊसतोडीला सांगलीकडे निघालेल्या, एसटीत खिडकीशी बसल्या होत्या. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी खिडकीपाशी गेलो. त्याच आधी बोलल्या.

"साहेब, येक इचारू? तुमी शिकलेले हाव. मेलेल्या माणसाला रोज शिव्या घालते मी... त्यानं मला खोटं कावून सांगितलं असंल?"

तो खोटं बोलला नाही सखूबाई, मी बोललो. मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं. जुळवून ठेवलं होतं मी. कंडक्टरने बेल मारली.

मी म्हणालो, "पिशवी आत घ्या, बाई. गाडी सुटली."