आजीच्या फोटोतला चौकोनी ठिपका

आधी काकूंचं सांगते, मग बाकीचं. डोंबिवलीला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. "जिवंत माणसांना जोडून द्यायचं काम संपलं, आता मेलेल्यांना जोडून देते," असं त्या स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात. लोकांच्या वंशावळी मांडायचा त्यांना नाद आहे. त्या नसत्या तर माझ्या वडिलांच्या आईला आम्ही कायमची पुसून टाकली असती, आणि वर हार घातला असता.

मी सातवीपर्यंत शिकलेली. गाव साताऱ्याकडचं. लग्न होऊन शहाडला आले ती इथलीच झाले, पण अजून कुणी गाव कुठलं म्हणून विचारलं की साताऱ्याकडचंच सांगते. डोंबिवलीत एका ब्लाउजच्या दुकानात फॉल-पिको करते, काकू तिथल्याच गिऱ्हाईक. लिहायची सवय नाही, तेव्हा बोलते तसंच लिहितेय.

मला भाऊ नाही. आई गेल्यावर अण्णांना, म्हणजे वडिलांना, मी शहाडला घेऊन आले. येताना त्यांनी कपड्यांची एक पिशवी आणली आणि टॉवेलात गुंडाळलेला एक फोटो. आमच्या घराण्यातला तेवढाच जुना फोटो. खुर्चीत आजोबा, अंगावर उसना वाटावा असा कोट. शेजारी नऊवारीतली बाई, कपाळभर कुंकू. आणि खुर्चीचा हात धरून उभं असलेलं एक पोर, कॅमेरा आता आपल्याला खाणार अशा डोळ्यांचं. ते पोर म्हणजे अण्णा आणि ती बाई त्यांची आई, हे आम्हाला जन्मापासून पाठ. आजी अण्णा पाळण्यात असताना गेली. मग आजोबांनी दुसरं लग्न केलं, आणि अण्णा आजोळी मामाकडे वाढले. त्या सावत्र आईचा विषय निघाला की अण्णा एकच वाक्य बोलायचे, "तिनं मला ठिवून घेतलं न्हाय." पुढे कुणी विचारायचं नाही.

पितृपक्षात अविधवा नवमीला अण्णा आईच्या नावाने पान वाढतात. नवऱ्याआधी, कुंकवासकट गेलेल्या बाईचा तो दिवस. गेल्या वर्षी पान वाढून झालं आणि तो फोटो हातात धरून म्हणाले, "आता वय झालं. हिचं तोंड नीट दिसंल असा येक मोठा फोटू करून दे. दुसरं कायबी नको मला."

त्यांनी माझ्याकडे आजवर मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी डोंबिवलीतल्या एका स्टुडिओत गेले. तिथला मुलगा भला होता. त्याने आजीला एकटीला वेगळं काढलं, चेहरा उजळला. म्हणाला, "ताई, गळ्याखाली एक चौकोनी ठिपका आहे. बुरशी असेल. काढून टाकू?" मी म्हटलं, टाक बाबा. आजी अशी सुंदर निघाली की मी दुकानातच हात जोडले.

त्याच दिवशी काकूंची साडी द्यायची होती. फ्रेम पिशवीत, मूळ फोटोही सोबत. काकूंच्या दारात पिशवीतून साडी काढताना फ्रेमच आधी बाहेर आली.

"कोण गं ह्या?"

"आमची आजी. अण्णांची आई."

"बघू. आणि मूळ फोटो?"

काकूंनी चष्मा बदलला. मग बोट पोरावर ठेवलं. "हा कोण?"

"अण्णाच."

"आई कधी गेली म्हणालीस?"

"अण्णा पाळण्यात असताना."

"अगं, पाळण्यातलं पोर उभं राहिलंय की."

इतक्या वर्षांत हे कुणालाच कसं दिसलं नाही? पण आमच्याकडे फोटो बघायचा म्हणजे नमस्कार करायचा. नमस्कार करताना कोण वयं मोजतं?

"मग पोर दुसरं कुणीतरी असेल," मी म्हटलं. नाहीतर बाई दुसरी असणार, आणि ते मला तोंडातून काढायचं नव्हतं.

"असेल. फोटोवरून मी काहीही खात्रीने सांगणार नाही. आधी वंशावळ मांडू. बस, चहा टाकते. आणि गावाकडे कुणाला तरी फोन लाव."

मी चुलत काकांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. काकांनी घराण्यातली नावं धडाधडा म्हणून दाखवली, खापरपणजोबांच्याही वरची. काकू जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा ओढत होत्या. एका जागी थांबल्या.

"सगळे पुरुषच सांगितलेत तुम्ही. बायका?"

"बायकांचं काय लिवायचं, बाई? त्या बाहेरनं आलेल्या."

"आणि तुम्ही कुठून आलात?"

पलीकडे काका खोखो हसले. "आता मात्र बोलती बंद केली तुम्ही!" त्यानंतर ते मोकळे झाले. आजोबांच्या धाकट्या बायकोला, म्हणजे अण्णांच्या सावत्र आईला, एक मुलगी होती. ती आता घोडबंदर रोडला मुलाकडे असते. "तुजी आत्याच की ती. तुजा बाप बोलत न्हाय म्हणून काय नातं जातंय व्हय?"

मी पत्ता विचारून घेतला, पण जायचं धाडस होत नव्हतं. खरं सांगते, मला शोधून काढायचंच नव्हतं. अण्णांकडे आईची एकच गोष्ट होती, तो चेहरा. तो चेहरा सावत्र आईचा निघाला तर? जिने ठेवून घेतलं नाही म्हणतात, तिलाच त्यांनी आयुष्यभर हात जोडले असतील तर? त्यांची आई दुसऱ्यांदा मेल्यासारखं होईल, आणि या वेळी मी मारलेली.

माझं हे चाललं होतं तोवर काकू भिंगातून फोटो बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "फ्रेममधून काय काढलंय गं इथलं?"

"ठिपका होता. बुरशीचा."

"बुरशी अशी चौकोनी येत नाही. ये, बघ."

मी भिंगाला डोळा लावला. मंगळसूत्राच्या खाली वेगळा दोरा होता. दोऱ्यात नखाएवढी धातूची पट्टी. आणि पट्टीवर, एकदा दिसल्यावर परत न दिसणं शक्यच नव्हतं, उभी एक बाई. दोन हात, पायाशी घोळ, बस. मुलं पाटीवर काढतात तशी.

"टाक आहे हा," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "देवाचे टाक असतात ना देव्हाऱ्यात, तसा. पण हा सवतीचा. पहिली बायको गेली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक घालायचे. तिचा मान आधी, मग हिचा."

त्या भिंग धरून होत्या, मी त्यांचा हात धरून होते. समोरचा चहा तसाच गार झाला. फोटोतली बाई आजी नव्हती. आणि आजी फोटोत होती.

आठवड्याभरात काकूच मला घोडबंदर रोडला घेऊन गेल्या. ट्रॅफिकमध्ये बस हलेना. मी म्हटलं, "काकू, परत फिरू या का?" त्या म्हणाल्या, "मेलेली माणसं इतकी वर्षं थांबलीत, तू अर्धा तास थांब." 

उंच टॉवरमधलं घर, खाली बघितलं की गरगरायला होईल असं. आत्याने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "दादाची काय गं तू?" आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. नाक अण्णांचं आहे माझं, तेवढ्यावरून ओळखलं. मी रडायला लागले. आत्या काकूंना म्हणाली, "हिला आधी बसवा, मग मी बसते."

फोटो दाखवला. तिच्याकडेही तोच फोटो होता, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला.

"ही माझी आई. हे बाबा. हा दादा. मामा त्याला न्यायच्या आधीचा."

"का नेलं त्यांना?" मी विचारलं.

"ते नाही माहीत, बाळ. माझा तेव्हा जन्म नव्हता. आई त्याबद्दल बोलायची नाही. एवढंच सांगायची, की फोटो काढताना तो घाबरून पळायला बघत होता म्हणून तिने मागून त्याचा सदरा धरलेला."

आम्ही तिघींनी बघितलं. बाईचा एक हात दिसतच नव्हता. पोराच्या पाठीमागे गेलेला.

मग काकूंनी टाकाचं विचारलं. आत्या उठली, देव्हाऱ्यातून एक चांदीची पट्टी घेऊन आली आणि माझ्या तळहातावर ठेवली. भिंगातून पाहिलेली वस्तू हातात अशी गार आणि खरी लागली की मी मूठ मिटून घेतली. 

"आई गेली तेव्हा गळ्यातून काढून मी देवात ठेवली. नदीत सोडा म्हणत होते सगळे. जीव झाला नाही. आम्ही हिला मोठी आई म्हणायचो. सणाला आधी हिला नैवेद्य. नवी साडी आली की आधी हिला लावायची, मग आईने नेसायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात एक मोठी आई अशी गळ्यात असते."

अण्णांना सांगायचं ठरलं तेव्हा मी काकूंना म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, "नाही. मी येईन, बसेन. बोलायचं तू." म्हणून एका रविवारी आत्या आणि काकू शहाडला आल्या. अण्णा आत्याला बघून उठून उभे राहिले, मग परत बसले. मी फोटो पुढे ठेवला आणि जसं कळलं तसं सगळं सांगितलं. मध्ये दोनदा त्यांनी हात वर केला, मी थांबले, ते म्हणाले, "बोल."

शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजी ही माजी आई न्हाय?"

"नाही, अण्णा."

मला वाटलं, केलंच मी हे, घालवली त्यांची आई. तेवढ्यात आत्याने काहीही न बोलता टाक त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो खिडकीकडे धरला. जवळ नेला, लांब नेला. "तोंड दिसत न्हाय हिचं."

"झिजलं रे दादा," आत्या म्हणाली. "आई रोज पुसायची. रोज."

अण्णांनी टाकावरून अंगठा फिरवला. मग मूळ फोटो घेतला, भिंग मागितलं, आणि त्या चौकोनी ठिपक्यावर धरलं. त्यांचे ओठ हलत होते. मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, "दोघी हायत हितं. म्या दोघींच्या मधी उभा हाय."

काकू, ज्या कुणाचीही बोलती बंद करतात, त्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

थोड्या वेळाने अण्णांनी नवी फ्रेम माझ्याकडे सरकवली. "हिच्यातनं तिला काढलीया. ही नको. जुना हाय तसाच लाव, मोठा करू नगंस." आत्या म्हणाली, टाक तुझ्याकडे ठेव, तुझा हक्क आहे. तर म्हणाले, "न्हाय. तुज्याकडं तिला पैलं पान मिळतंय. हितं ही दिवसभर कामावर, म्या येकटा. तिला उपाशी ठिवू व्हय? म्याच येत जाईन तुज्याकडं." मग जरा थांबून, "तुज्या बिल्डिंगला लिफ्ट हाय न्हवं?"

"आहे रे, आहे," आत्या म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

यंदाच्या नवमीला अण्णा घोडबंदरला जाणार आहेत. मला विचारत होते, सावत्र आईच्या नावानेही एक पान वाढलं तर चालतं का, ती तर आजोबांच्या मागून गेली, तिची तिथी निराळी. मी म्हटलं, आत्याला विचारा. तेही बरंच झालं, आता ते आत्याला फोन करून विचारतात. आधी महिन्याभरात जेवढं बोलायचे तेवढं एका फोनला बोलतात.

परवा काकूंकडे गेले होते. एवढं केलंत त्याचं काही घ्या म्हटलं तर हात जोडून नको म्हणाल्या. मी हट्टाने विचारलं, तुमच्या स्वतःच्या वंशावळीत कुणी सापडायचं राहिलंय का? बराच वेळ टाळलं. मग म्हणाल्या, त्यांच्या आईची आई. लग्नात नाव बदललेलं, माहेरचं नाव कुणालाच ठाऊक नाही, आणि ते माहेरचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. माणसं कुठे कुठे पांगली. "राहू दे गं. सगळेच नाही सापडत."

काकू, तुम्ही हे वाचाल म्हणून इथेच लिहिते. त्या धरणामुळे उठवलेल्या माणसांच्या काही वस्त्या आमच्या गावाजवळ आहेत. मला तुमच्यासारख्या रेघा ओढता येत नाहीत. पण अनोळखी दारात उभं राहून, मावशी, तुमच्यातली एक मुलगी अमुक गावाला दिली होती का, एवढं विचारायला शाळा लागत नाही. दिवाळीत गावाला जाईन तेव्हा सुरुवात करते. एका दिवाळीत नाही सापडली तर पुढच्या दिवाळीत परत जाईन. तुमच्या आजीचं माहेरचं नाव मी तुम्हाला आणून देईन.