बेबीताईंचा वाचून दाखवायचा वर्ग

कॉलेजच्या दप्तरात त्यांचं नाव 'कु. बेबी अर्जुनराव सातव, एम. ए.' असं होतं आणि त्याला काही इलाज नव्हता. पिंपळगाव राजाच्या मळ्यात अर्जुनरावांना तीन मुलांच्या पाठीवर मुलगी झाली, घरादारानं तिला बेबी म्हटलं आणि शाळेत मास्तरांनी तेच दाखल्यावर चढवलं. ही बेबी मिरच्या तोडता तोडता मॅट्रिक झाली, नागपूरला जाऊन एम. ए. झाली आणि १९६४ च्या जूनमध्ये तालुक्याच्या गावी नव्यानंच निघालेल्या कॉलेजात मराठी शिकवायला येऊन उभी राहिली. प्राचार्य म्हणाले, "घरचं नाव नको, खरं नाव सांगा." बाई म्हणाल्या, "खरंच आहे ते, सर. तुम्हाला जड जात असेल तर सातवबाई म्हणा." सातवबाई कोणीच म्हटलं नाही. महिनाभरात शिपायापासून सगळे बेबीताई म्हणायला लागले.

नवीन माणसाच्या वाट्याला जे यायचं तेच त्यांच्या वाट्याला आलं. प्री-युनिव्हर्सिटीला आलेल्या मुलांतली ज्यांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत, अशी त्रेचाळीस मुलं निवडून त्यांचा एक रचनावर्ग केलेला होता. स्टाफरूममध्ये त्याला 'कच्ची तुकडी' म्हणत. त्या वर्गावर जायला कोणी तयार नव्हतं. बेबीताई मात्र खडूचा नवा डबा घेऊन निघाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी विषय दिला, 'मी केलेला प्रवास'.

घरी येऊन वह्या उघडल्या आणि बाई थक्क झाल्या. त्रेचाळीस पोरांचा मिळून एकच मामा होता. तो कोकणात राहत होता, समुद्रकाठी त्याचं कौलारू घर होतं, आणि सगळ्या भाच्यांच्या पायांना फेसाळत्या लाटा गुदगुल्या करत होत्या. ज्या पोरानं बुलढाण्यापलीकडची एस. टी. पाहिली नव्हती, त्याचंही मन सूर्यास्त पाहून हरपलं होतं. बाजारात एक गाइड मिळायचं, हा मामा त्यातला. बेबीताई आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांना राग आला. पोरांवर नाही. या पोरांना कोणीतरी पक्कं पटवून दिलं होतं की तुमच्याजवळ लिहिण्यासारखं काही नाही, त्या कोणीतरीवर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या बाकावरच्या जानेफळच्या पोराला उठवलं. "मामा राहू दे. आज कॉलेजात कसा आला ते सांग."

पोरगा आधी लाजला, मग सुरू झाला. एस. टी. चढावर बंद पडली, कंडक्टरनं साऱ्यांना खाली उतरवलं, एका नवरदेवानं बाशिंग बांधलेलं असताना गाडीला धक्का मारला. वर्ग हसून हसून बेजार झाला.

"हे काऊन नाही लिहिलं रे?" बाईंनी विचारलं.

"बाई, हे काय लिव्हाचं असते का?"

बेबीताईंच्या अंगावर काटा आला. आनंदाचा. आपल्याला आयुष्यभर काय करायचं आहे ते त्या क्षणी त्यांना कळलं, असं त्या पुढे सांगत, आणि सांगताना हातातला खडू हमखास मोडत.

पण नुसतं 'मनातलं लिहा' म्हणून कोणी लिहीत नाही. युक्ती त्यांना बापाकडून मिळाली. अर्जुनरावांना लिहिता येत नव्हतं. खामगावच्या अडत्याला चिठ्ठी धाडायची तर ते चौथीतल्या बेबीला समोर बसवून सांगत, आणि लिहून झालं की म्हणत, "वाच." ती वाची. "असं नाही म्हटलं म्या. पुन्हा लिही." एकदा एका चिठ्ठीसाठी तिला सहा कागद लागले होते. एम. ए. ला जे शिकायला मिळालं नाही, ते त्या सहा कागदांत मिळालं होतं!

म्हणून रचनावर्गाचा एकच नियम ठरला. ज्याला लिहिता येत नाही अशा एका माणसाकडे जायचं. तो त्याचं काम कसं करतो ते नीट ऐकायचं, लिहायचं आणि त्यालाच वाचून दाखवायचं. तो 'हाव' म्हणाला तर पास. 'नाही' म्हणाला तर पुन्हा लिहायचं. मार्क बाई देणार नाहीत.

गावात नुसती धमाल उडाली. पोरं कल्हईवाल्याच्या भात्याशी बसायला लागली, सुईणीच्या ओट्यावर बसायला लागली, जिनिंगच्या दाराशी सरकी उपसणाऱ्या बायांना गाठायला लागली. एका सुतारानं एका पोराला पाच वेळा परत पाठवलं. पोरगा रडकुंडीला आला, पण सहाव्या खेपेला त्यानं बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवतात ते असं लिहिलं की वाचताना लोखंड तापल्याचा वास यावा. परीक्षेत त्या वर्षी कच्च्या तुकडीतली एकतीस मुलं मराठीत पास झाली. प्राचार्यांनी आकडा दोनदा तपासला.

चार वर्षांत एकाचे चार वर्ग झाले. इतिहासाचे एक आणि अर्थशास्त्राचे एक, असे दोन तरुण प्राध्यापक बाईंनी गोड बोलून आणि थोडं धाकानं आपल्यात ओढले. कोणता वर्ग कधी, कोणता मुलगा कोणाकडे जाणार, कोणाची वही कितव्यांदा परत आली, हे सगळं त्या एका पुठ्ठ्यावर आखून ठेवत. पुठ्ठा काखेत आणि बाई पळत, असंच त्यांना गावानं पाहिलं.

भगवंतरावांना हे बघवत नव्हतं. भगवंतराव मराठीचे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता. बोलायला उभे राहिले की ऐकत राहावं असं बोलत. पण विद्यापीठाची मुलं भाजीवालीपुढे वही धरून उभी आहेत, हे दृश्य त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी विद्यापीठाला पत्र धाडलं, आणि १९६८ च्या फेब्रुवारीत महादेवराव नावाचे निरीक्षक यायचं ठरलं. प्राचार्यांनी बेबीताईंना बोलावून स्पष्ट सांगितलं, "त्यांच्या शेऱ्यावर सगळं आहे. शेरा उलटा गेला तर चारही वर्ग बंद. आणि तुमची नेमणूक या वर्गांवरच आहे, बाई, तीही दरसालची."

बाहेर आल्यावर बेबीताईंनी हिशेब केला. नोकरी गेली तर मळा होता, उपाशी कोणी मरत नव्हतं. पण या वर्षीची एकशे साठ पोरं पुन्हा त्या कोकणातल्या मामाकडे जातील, हे त्यांना सोसवेना.

निरीक्षक आले ते गुरुवारी सकाळी, ऐन बाजाराच्या दिवशी. महादेवराव उंच, गोरे, मवाळ आवाजाचे, खिशाला दोन पेनं. त्यांना अकराची गाडी गाठायची होती. बेबीताईंनी काही सजवलं नाही. त्या दिवशी पाळी होती सुलतानपूरच्या कडूबाची, आणि त्याचं ऐकायला बाजाराच्या वाटेवर टोपली घेऊन आल्या होत्या गोजरबाई. मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणाऱ्या. त्यांनी टोपली टेबलाशेजारी ठेवली आणि साऱ्या वर्गात कोथिंबिरीचा वास भरला. भगवंतराव दारात उभे राहिले.

कडूबा उभा राहून वाचायला लागला. छान वाचत होता. गोजरबाई पहाटे वाफ्यात कशा उतरतात, मेथी मुळासकट कशी उपटतात, माती कशी झटकतात. "मग भाजीवर पाणी शिंपडून त्या केळीच्या सोपटानं जुड्या बांधतात..."

"नाही," गोजरबाई म्हणाल्या.

 दारात भगवंतराव खाकरले. बेबीताईंच्या मनात आलं, सगळे दिवस सोडून आजच?

"काय चुकलं, मावशी?" त्यांनी विचारलं. 

"ओली बांधली तं दुपारलोक आतून सडते ना! कोरडी बांधाची, अन् मंग निस्त्या मुळायले पाणी द्याचं. यानं उलटंच लिवलं. लोक म्हनतीन गोजरबाई सडकी इकते."

कडूबाचे कान लाल झाले. "मावशी, ते वाचाले बरं वाटे म्हनून आंधी घेतलं म्या."

"वाचाले बरं वाटते, पन भाजी सडते त्याचं काय?"

सावरून घ्यायची एक संधी होती. 'छान लिहिलंयस, बस' म्हणून पुढच्या मुलाला उठवता आलं असतं. बेबीताईंनी निरीक्षकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कडूबा, बस. विचार मावशीला आणि पुन्हा लिही. आम्ही थांबतो."

आणि सगळे थांबले. कडूबा गोजरबाईंच्या पायाशी बसला. त्यांनी टोपलीतली एक जुडी सोडली, त्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडून बांधून घेतली. त्यानं खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. वर्गातली पोरं माना उंचावून बघत होती, कोणी कुजबुजून शब्द पुरवत होतं. महादेवराव खुर्चीत पुढे सरकून बसले होते. बारा मिनिटांनी कडूबानं वाचलं आणि गोजरबाई म्हणाल्या, "हाव. आता कसं बोल्ला."

वर्गानं बाकं बडवली. पण महादेवराव हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, वही काढली आणि तिथेच टेबलावर शेरा लिहायला घेतला. पेन सरसर चाललं. बेबीताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. 

टोपली उचलता उचलता गोजरबाई थांबल्या. "साहेब, हे काय लिहून राह्यले?"

"आपल्या या वर्गाबद्दल, बाई."

"म्हंजे आमच्यावर?" गोजरबाईंनी टोपली खाली ठेवली. "मंग वाचून दाखवा ना. इथं तशीच रीत हाय."

सगळा वर्ग निरीक्षकांकडे बघायला लागला. महादेवरावांनी बेबीताईंकडे पाहिलं. बेबीताईंनी खरं तर 'राहू द्या मावशी' म्हणायला हवं होतं. पण म्हणायचं राहून गेलं, आणि पुढे जन्मभर त्या याबद्दल देवाचे आभार मानत होत्या.

महादेवरावांनी घसा साफ केला. "'सदर उपक्रम अभिनंदनीय असला तरी विद्यापीठीय अध्ययनाच्या व्यापक उद्दिष्टांच्या परिप्रेक्ष्यात त्याच्या औचित्याचा साकल्याने पुनर्विचार होणे इष्ट ठरेल.'"

गोजरबाईंनी मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, "नाही समजलं, बा. वर्ग राह्यते का जाते?"

निरीक्षकांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"जाते काय?"

"म्हणजे..." महादेवराव चाचरले. "हो. तसंच म्हणायचं."

"मंग तसंच लिव्हा. 'वर्ग बंद करा' लिव्हा. अन् काऊन बंद करा तेबी लिव्हा. या पोट्ट्यायलेबी तं समजाले पायजे."

ती चेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. महादेवरावांनी ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'वर्ग बंद करावेत, कारण'. आणि पेन थांबलं. त्यांनी कडूबाकडे पाहिलं, त्याच्या मांडीवरच्या खाडाखोडीनं भरलेल्या वहीकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. पेन तसंच हवेत. एक मिनिट गेलं. एस. टी. चा भोंगा लांबून ऐकू आला, तरी ते उठले नाहीत.  बेबीताई मनात म्हणत होत्या, लिहा, सर, एक तरी कारण लिहा, मग मी गपगुमान पिंपळगावला जाईन.

कारण काही सापडलं नाही. महादेवरावांनी तेही खोडलं. मग मान खाली घालून ते भराभर लिहायला लागले आणि उभं राहून स्वतःहून वाचलं.

"'चारही वर्ग चालू ठेवावेत. जिल्ह्यातल्या दुसऱ्या कॉलेजांतही असे काढावेत आणि ते बसवून द्यायचं काम याच बाईंकडे द्यावं. कारण इथला मुलगा ज्याच्याबद्दल लिहितो, त्याला ते कळतं. मी आज पहिल्यांदा जे लिहिलं होतं, ते मलाही कळलं नव्हतं.'"

 कडूबा तोंड उघडं टाकून बसला होता. दारातल्या भगवंतरावांनी टोपी काढून हातात घेतली होती. बेबीताई भर वर्गात, चाळीस पोरांसमोर, पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडायला लागल्या.

"रडून काय राह्यली, पोरी!" गोजरबाई ओरडल्या. "बाजार चाल्ला ना माह्या!"

मग काय विचारता! अख्खा वर्ग उठला. कोणी टोपली उचलली, कोणी सांडलेली जुडी गोळा केली, आणि पोरं मेथी डोक्यावर घेऊन बाजाराकडे धावत सुटली, आणि त्यांच्यामागे डोळे पुसत, पुठ्ठा काखेत घेऊन बेबीताई.