न उच्चारलेलं होय

कोर्टाच्या त्या इमारतीत दोन सख्ख्या बहिणी स्टेनो होत्या. थोरली तळमजल्यावर मॅजिस्ट्रेटपुढे, धाकटी दुसऱ्या मजल्यावर ज्युरीच्या कोर्टात. वकिलांपासून शिपायांपर्यंत सगळे त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणत. धाकटीला लघुलेखन शिकवलं थोरलीने, नोकरीचा अर्ज भरून दिला थोरलीने, आणि वर जाऊन बसली कोण, तर धाकटी! थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. आई त्यात मनापासून तेल ओतायची.

"आमची धाकटी खुनाचे खटले लिहिते हो," ती शेजारणींना सांगायची.

"आणि मी काय करते?"

"तू पण लिहितेस की. किरकोळ."

हे किरकोळ थोरलीच्या जिव्हारी लागायचं. कारण वरचा प्रत्येक खटला आधी तिच्याच खोलीतून जायचा. मॅजिस्ट्रेट साक्षी ऐकत, खटला वर पाठवण्याजोगा आहे का एवढं ठरवत, आणि थोरलीने टाइप केलेल्या जबान्या फायलीबरोबर वर जात. तिथे नऊ साधी माणसं ज्युरी म्हणून बसत आणि गुन्हा झाला की नाही ते सांगत.

थोरलीची प्रत बघावी तर आरशासारखी स्वच्छ. साक्षीदार अडखळो, रडो, मुद्दा सोडून जावेची उणीदुणी काढो, थोरलीच्या कागदावर तो शहाण्यासारखाच बोलायचा. धाकटीच्या कागदावर मात्र सगळा पसारा: 'अं... नाही, म्हणजे...', 'साक्षीदार पाणी मागते', 'साक्षीदार खाली बघते'. मुख्य स्टेनोची खुर्ची रिकामी व्हायची होती. अर्ज दोघींचे होते. थोरलीने हेडक्लार्ककडे लेखी तक्रारच दिली की धाकटीच्या प्रती म्हणजे गचाळपणाचा कळस. खाली सही ठोकली आणि त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले.

जेवणाच्या सुट्टीत ती वर जाऊन मागच्या बाकावर बसायची. वरच्या कोर्टाची सुट्टी अर्धा तास उशिरा असे. कामाची पद्धत बघते, असं ती सांगायची. खरं तर ती चुका वेचायला जायची. त्या दिवशी खटला चालू होता एका कुलूपवाल्याचा. घड्याळांचं दुकान त्याने फोडलं असा आरोप होता. पाहणारी एकच, समोरची इस्त्रीवाली.

"दुकानातून बाहेर पडलेला माणूस हाच ना?" सरकारी वकिलाने विचारलं.

"पाठमोरा होता हो. मी कसं सांगू?"

वकिलाने फायलीतून कागद काढला. "खाली मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे हाच प्रश्न विचारला होता. तुमचं उत्तर लिहिलंय, 'होय'."

"मी होय नाही म्हणाले. मी नुसते खांदे उडवले."

"तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही सही केलीत."

इस्त्रीवालीने कागद डोळ्यांजवळ धरला, स्वतःची सही पाहिली. "कागदावर आहे तर म्हटलं असेन मी."

ज्युरीतल्या एका माणसाने आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. पिंजऱ्यातल्या कुलूपवाल्याने डोळे मिटून घेतले.

थोरलीला आपली रेघ आठवली. तोंडाने उत्तर आलं नाही, की वहीत ती एक आडवी रेघ मारायची, आणि टाइप करताना तिथे होय किंवा नाही, जे शोभेल ते घालायची. वीस वर्षं तसंच चाललं होतं. कोणी काही म्हटलं नव्हतं.

ती खाली आली, कपाट उघडलं, वही काढली. त्या प्रश्नापुढे रेघ होती. फक्त रेघ.

आधी तिच्या मनात कुलूपवाला आला नाही, खुर्ची आली. मग धाकटी आली, त्या खुर्चीत बसलेली, आणि मग आई, शेजारणींना सांगणारी. वही परत कपाटात टाकली असती तर कोणाच्या बापाला कळणार होतं? तिने टाकलीसुद्धा. किल्ली फिरवली. पण 'म्हटलं असेन मी' हे तिच्या कानातून जाईना. आपण बाईच्या तोंडात शब्द घातला, आणि आता बाई तो गिळायलाही तयार झाली! थोरलीने स्वतःला एक शिवी हासडली, कपाट पुन्हा उघडलं आणि वही छातीशी धरून जिना चढली.

अर्ध्या तासात ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. शपथ झाली. वही न्यायाधीशांकडे गेली. समोर, चार हातांवर, धाकटी वहीवर पेन्सिल टेकवून बसली होती. तिने एकदाच वर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ताई, सावकाश बोल."

ती मायाही थोरलीला झोंबलीच. तिने रेघेचं सगळं सांगितलं. मग बचावाचा वकील उठला.

"या कोर्टाच्या स्टेनोविरुद्ध तुम्ही तक्रार दिली आहे?"

"हो."

"त्या तुमच्या कोण?"

"धाकटी बहीण."

"कशाबद्दल तक्रार?"

"खांदे, खोकला, पाणी... सगळं लिहिते म्हणून."

"इस्त्रीवालीची खालची साक्ष त्यांनी लिहिली असती तर हा 'होय' कागदावर आला असता?"

थोरलीने खिडकीकडे पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. कोर्ट थांबलं होतं. धाकटीची बोटं मात्र चालत होती.

"नाही," थोरली म्हणाली.

न्यायाधीशांनी ज्युरीला तो 'होय' विसरायला सांगितलं. पाठमोऱ्या माणसाखेरीज सरकारकडे काही उरलं नाही. चहाच्या वेळेआधीच कुलूपवाला सुटला.

तत्पूर्वी थोरलीची जबानी तिला वाचून दाखवणं भाग होतं. धाकटीने ती टाइप करून आणली आणि सपाट आवाजात वाचली. शेवटची ओळ आली.

"'साक्षीदार खिडकीकडे बघते. बराच वेळ गप्प. मग, नाही.'" तिने कागद पुढे केला. "बरोबर आहे का ताई? चुकलं असेल तर सांग."

थोरलीने पुन्हा एकदा, ओळ न् ओळ वाचलं. काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून तिचा जीव तुटत होता. काही सापडलं नाही. तिने सही केली.