वरून ओतलेलं पाणी

"ओंजळ तूच धर. माझ्या अंगठ्या मध्ये येतात. आणि तुझे हात कसे छान रापलेत. ऑथेंटिक दिसतील."

आमच्या संपादक मॅडम म्हणाल्या. हातात मोबाइल, चेहऱ्यावर कौतुक. खरंच कौतुक होतं ते. शिवी असती तर उत्तर लगेच सुचलं असतं.

होटगी रस्त्याला नवीन उघडलेलं महागडं रेस्तराँ. दारात बैलगाडीचं चाक, आत एसी. प्रत्येक टेबलाशेजारी मुद्दाम बसवलेली एक दगडी पायरी. पटका बांधलेला, चाळिशीचा वाढपी पितळी तांब्या घेऊन आमच्या पायरीवर चढला होता. पटक्याखाली काळे बूट. मेनूकार्डावर पहिल्या पदार्थाच्याही आधी या प्रकाराचं नाव होतं, 'ओंजळ'. खाली खुलासा: आमच्या मातीतलं स्वागत. पाहुण्यांनी ओंजळ पुढे करावी, वरून वाळ्याचं पाणी येईल.

पलीकडच्या टेबलावर एक कुटुंब दुसऱ्या वाढप्याकडून ते पाणी पीत होतं. बायका खिदळत होत्या. एकीच्या साडीवर सांडलं, तर ती "स्टॉप, स्टॉप" ओरडली. मजा चालली होती.

मी तिथे पाहुणा नव्हतो. श्रीमंत प्रवाशांसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी गाइडसाठी मी रेस्तराँना गुण देत होतो. त्यांचा शब्द 'चोखंदळ प्रवासी'. माझ्या समजुतीप्रमाणे, ज्याला भूक नसताना जेवता येतं तो चोखंदळ. असे लोक अक्कलकोटला दर्शनाला येतात, मुक्कामाला सोलापुरात थांबतात, आणि संध्याकाळी कुठे जेवावं या प्रश्नापुढे त्यांना देवही आठवत नाही. तो प्रश्न आम्ही सोडवायचो. रुमालाची घडी, वाढप्याची चाल, सुपाची वाफ, सगळ्याला गुण. ओळख लपवून जायचं, असा नियम होता. न्यायला गाडी रेस्तराँचीच यायची, असा रिवाज होता.

इंग्रजीत एम. ए. करून मी सात रस्ता चौकातल्या एका क्लासमध्ये शिकवत होतो. तिथून या कामावर आलो. काम कच्चं होतं. "हा सोलापूरचा लेख तुझ्या नावाने जाऊ दे, मग तुला पक्कं करते," असं मॅडम त्या दुपारी गाडीत म्हणाल्या होत्या. मी लगेच आईला फोन करून सांगून टाकलं. एवढी घाई करायला नको होती.

"धर ना," मॅडम म्हणाल्या.

मी धरली. म्हणजे, माझ्या हातांनी धरली. मला विचारलंच नाही हातांनी. कंबर वाकली, कोपरं पोटाशी आली, हनुवटी मनगटाला टेकली. पाणी आलं. मी प्यायलो. तोंड भरल्यावर करंगळ्या उघडल्या. त्याच क्षणी वाढप्याने धार थांबवली.

मी वर पाहिलं. त्याने खाली पाहिलं. पलीकडच्या बाईला स्टॉप म्हणून ओरडावं लागलं होतं. माझी नुसती बोटं उघडली आणि याला कळलं. ही खूण रेस्तराँच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

"परफेक्ट!" मॅडम म्हणाल्या. "तुला तर जमतंच की! कुठे शिकलास?"

कुठे शिकलो. ज्वारीच्या काढणीत शिकलो. आमची वस्ती गावाबाहेर. आई एका मोठ्या घरच्या शेतावर जायची, शाळेला सुट्टी असली की मी मागे. दुपारी पाणी मागायला वाड्याच्या मागच्या दाराशी जायचं. मालकीणबाई पायरीवर उभ्या, आई खाली वाकलेली. आमच्या हाताला तांब्या लागू नये, म्हणून वरून. तोंडात पाणी असताना पुरे म्हणता येत नाही, म्हणून बोटं उघडायची. मालकीणबाईंचं लक्ष असलं तर त्या थांबायच्या. नसलं तर पाणी नाकात जायचं, चोळीच्या बाह्या भिजायच्या. मग आई हसायची. मला वाटायचं, आईला गंमत वाटते. पुष्कळ वर्षं मला तसंच वाटायचं.

शेफ टेबलापाशी आला. पुण्याचा, तरुण, केसांची शेंडी बांधलेली.

"कसं वाटलं? ही आमची सिग्नेचर आहे. मी इथल्या आसपासच्या गावांमध्ये रिसर्चला फिरलो. एका मोठ्या घरातल्या आजींनी स्वतः करून दाखवलं. शेतावरच्या माणसांना त्या असं पाणी द्यायच्या. भर उन्हात! किती माया असेल बघा."

मी विचारलं, "तुम्हाला कसं दिलं त्यांनी पाणी?"

"मला? ग्लासमध्ये. ट्रेमधून."

"आणि तरी कळलं नाही?"

"काय?"

मी सांगितलं. हाताला तांब्या लागू नये म्हणून, एवढंच. एका वाक्यात मावतं ते.

तो लाजेल असं मला वाटलं होतं. पुस्तकं वाचून माणसाला असले गैरसमज होतात. तो विचारात पडला, मग त्याचा चेहरा उजळला.

"पण सर, आम्ही तर सगळ्यांनाच वरून ओततो. उलट इक्वॅलिटीच झाली की ही!"

मॅडमनी मान डोलावली. "छान मुद्दा आहे. बरं, फोटो जरा हललाय. पुन्हा एकदा धर."

वाढपी पायरीवरच होता. तांब्या त्याने छातीशी घेतला होता. तो हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की मॅडम. पानी सांडालंय लई."

"तुम्ही ओता हो," शेफ म्हणाला.

मी हात मांडीवर ठेवले.

"ग्लास द्या," मी म्हणालो.

"अरे, फोटोपुरतं..."

"मला तहान लागलीय. ग्लास द्या."

"प्रत्येक ठिकाणी ते काढलंच पाहिजे का?" मॅडमचा आवाज खाली आला. ते म्हणजे काय, हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणत नाहीतच. "आपण इथे जेवायला आलोय."

"तुम्ही जेवायला आलाय. मला हातांपुरतं आणलंय."

पलीकडचं टेबल गप्प झालं. वाढपी पायरीवरून उतरला. आत गेला, काचेचा ग्लास घेऊन आला, तो भरला आणि टेबलावर ठेवला नाही. माझ्या हातात दिला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. थंड होती, ओली होती. मी पाणी संपवलं आणि उठलो. त्यानंतर काय काय वाढलं, ज्वारीच्या कण्या कशा चिमट्याने मांडल्या, ते मला ठाऊक नाही. त्याचे गुण मॅडमनी एकट्यांनीच दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. स्वागताला पैकीच्या पैकी. "ओंजळीवर छान चार ओळी लिही. तुझ्यासारख्याने लिहिलं की वजन येतं."

"लिहितो. कुणाला आणि का ओतायचे, ते पण लिहितो."

"ते नाही छापता येणार. लोक सुट्टीवर असतात रे."

"मग माझं नावही छापू नका."

"नोकरीचं काय?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी फोन ठेवला. सांगून झालं होतं.

त्या रविवारी आईकडे गेलो. ती उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. सगळं सांगितलं. शेंगा फोडता फोडता तिने ऐकलं.

"पानी थंड हुतं का?" तिने विचारलं.

"होतं. वाळा घातलेला."

"आमाला कुटला वाळा! रांजणाच्या बुडचं मिळायचं. आळ्या असायच्या की त्यात." मग टरफलं बाजूला सारत म्हणाली, "पैसं देऊन पितेत व्हय ती लोकं असं?"

"व्हय."

ती हसली. तेच हसू. मालकीणबाईंच्या दारातलं. या वेळी मी जवळून पाहिलं. त्यात गंमत नव्हती. कधीच नव्हती.

"आई, हसू नको."

"मग काय करू? तवा रडले असते तर दुसऱ्या दिशी कामावर घेतलं नसतं." तिने मान वर केली. "तुजी गेली न्हवं नोकरी?"

"गेली."

"जाऊ दे," असं ती म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली नाही. शेंगा फोडत राहिली. घराचं छत गळत होतं, आणि त्याची दुरुस्ती पक्क्या नोकरीच्या भरवशावर ठेवली होती. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

गाइड निघालं. गुळगुळीत कागद. सोलापूरच्या पानावर ते रेस्तराँ सगळ्यात वर. आणि पानभर एक फोटो. दोन रापलेले हात, ओंजळ, वरून पडणारी पाण्याची धार. जरासा हललेला. चेहरा कापलेला. खाली इंग्रजीत: 'या मातीचं आदरातिथ्य'. माझं नाव नको म्हटलं होतं, ते त्यांनी ऐकलं. हात तेवढे ठेवून घेतले.

म्हणून हे लिहितोय. ते हात माझे आहेत. ती ओंजळ माझ्या आईची आहे. तिला स्वागत म्हणायचं नाही. जिथे म्हटलं जाईल तिथे मी बोलणार. टेबल गप्प होईल, होऊ दे. जेवण कडू होईल, होऊ दे.

आणि मला पाणी द्यायचं असेल तर ग्लास हातात द्यावा लागेल. देताना बोटं बोटांना लागतील.

लागलीच पाहिजेत.