पहिली वेलांटी

आमच्या रवींद्र पेंटरांना कुठलीही इमारत दाखवा, ते आधी तिचं नाव वाचतात. मजले नंतर मोजतात, बहुतेक वेळा मोजतच नाहीत. "ज्याला नाव धड लिहिता येत नाही, त्याने स्लॅब तरी काय धड टाकला असणार?" हा त्यांचा सिद्धांत. वय चौऱ्याहत्तर. डोंबिवली पूर्वेला आमच्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर ते राहत. मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे त्यांची मतं ऐकायला नेमलेला बिनपगारी माणूस.

पेंटर म्हणायचं, पण त्यांचं खरं काम सिमेंटचं. इमारतीच्या कपाळावर सिमेंटची उठावाची अक्षरं काढण्यात त्यांचा हात धरणारा कल्याण ते ठाणे कुणी नव्हता. असं तेच सांगतात. ठाण्याच्या नौपाड्यातून मान वर करून चालायचे आणि दोनदा रिक्षाखाली येता येता वाचले. "हे बघ, 'मातृस्मृती'. दोन्ही ऋकार कसे सुखाने बसलेत! हा माणूस पोटभर जेवून बांबूच्या परांचीवर चढलेला." त्याच नौपाड्यात जुनं पाडून उभारलेल्या काचेच्या इमारतीसमोर मात्र ते नाकाला रुमाल लावत. "काचेवर नाव काय लिहिणार? तिला पुसायलाच दोन माणसं लागतात."

घोडबंदर रोडला त्यांच्या पुतणीची, श्रियाची, वास्तुशांत होती. टॉवरचं नाव इटालियन की काय होतं. गेटवरच्या वॉचमनला ते उच्चारता येईना, पेंटरांना वाचता येईना, शेवटी दोघांनी मिळून श्रियाला फोन केला. बत्तिसाव्या मजल्यावरून खाडी दिसते, म्हणून सगळे खूश. हे म्हणाले, "खाडी झकास आहे. पण पोरी, पत्ता सांगताना तुझी जीभ मुरगळणार." शीळफाट्याच्या पुढचे गृहसंकुल त्यांनी एका वाक्यात निकालात काढले: "सगळ्या इमारती एकाच गणवेशात. तिथे माणूस दारू न पिताही दुसऱ्याच्या घरात शिरेल." दिवा गावाबद्दल विचारलं तर म्हणायचे, तिथे इमारत आधी उभी राहते आणि नाव मागाहून सुचतं. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या बुरुजाबद्दल तेवढा आदर होता. त्याला बोर्डाची गरज पडली नाही, म्हणून.

साऱ्या शहराच्या चुका काढणाऱ्या या गृहस्थांचं पितळ आमच्याच दारावर उघडं पडलेलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी स्वतःच्या हाताने आमच्या इमारतीवर दीड फुटी अक्षरांत नाव काढलं: आशिर्वाद. शि पहिल्या वेलांटीचा. हवी होती दुसरी. ते निमित्त सांगत, उजवीकडे जिन्याच्या जाळीचा कोपरा येत होता, दुसऱ्या वेलांटीला जागाच नव्हती. जाळी तिथून चांगली हातभर लांब होती.

ही चूक पहिल्याच दिवशी धरली ती पहिल्या मजल्यावरच्या सगुणाबाईंनी. बाई शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांची खिडकी नेमकी त्या अक्षरांना लागून. छत्तीस वर्षं, दूध घ्यायला खाली उतरल्या की त्या म्हणत, "पेंटर, शि चुकलाय. स्वतःच्या नावातला वी बरा चुकत नाही तुमचा!" पेंटर पेपरमध्ये तोंड घालत. दुरुस्त करणं अवघड नव्हतं, पण दुरुस्त केलं म्हणजे बाई जिंकल्या. त्यात सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा कारकुनाने बोर्ड बघूनच नाव उतरवलं, त्यामुळे आम्ही सरकारदरबारीही ऱ्हस्वच.

मग पुनर्विकास ठरला. सगळ्यांनी भाड्याची घरं शोधली. इमारत पाडायला परांची बांधली, तेव्हा पेंटर माझ्याकडे आले. हातात पिशवी, पिशवीत व्हाइट सिमेंट, छिन्नी आणि थापी.

"उद्या पाडणार ना?"

"हो. का?"

"एक दिवस तरी नाव बरोबर लागू दे रे. चुकीच्या नावाने मरायचं तिने?"

एरवी मी चार टोमणे मारले असते, तेव्हा सुचले नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, पण ते चढले. खाली मी बांबू धरून उभा, जणू मी धरल्याने तो पडणार नव्हता. पेंटरांनी छिन्नी शि ला लावली, तोच शेजारची खिडकी उघडली.

"पेंटर, हात लावू नका त्याला," शेवटचं सामान आवरत असलेल्या सगुणाबाई म्हणाल्या.

"बाई, छत्तीस वर्षं तुम्हीच तर..."

"ते शिक्षिका म्हणून. हे बघा." बाईंनी एक पिवळं पडलेलं आंतरदेशीय पत्र बाहेर धरलं. त्यांचे यजमान तेव्हा चिपळूणला नोकरीला होते. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यांनी जपून ठेवलेल्या या पत्रामागे पाठवणाऱ्याचा पत्ता, बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात.

पेंटरांनी चष्मा वर केला. "पहिली वेलांटी? बाई, तुम्हीसुद्धा?"

"पहिल्या पत्रात दुसरी दिली होती. ह्यांनी उलट टपाली विचारलं, घर बदललंस की काय? तेव्हापासून ऱ्हस्वच लिहीत आले." बाईंनी पदराने डोळे टिपले. "ह्यांना ज्या घराची ओढ होती, ते याच नावाचं होतं हो."

पिशवीतलं सिमेंट भिजलंच नाही. पेंटरांनी छिन्नी पुन्हा उचलली, पण आता अक्षराच्या कडेकडेने. तासाभराने अख्खा शि सुटून आला. आ चे मात्र तुकडे झाले. शि त्यांनी खिडकीतून बाईंच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी इमारत पाडली.

नव्या टॉवरच्या जाहिरातीत नाव आहे 'आशीर्वाद हाइट्स', दुसऱ्या वेलांटीचं, कॉम्प्युटरने काढलेलं, एकदम शुद्ध. पेंटर ते वाचतसुद्धा नाहीत. बाई हल्ली दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहतात. दार वाऱ्याने आपटतं, म्हणून त्याला शि टेकवलेला आहे. दर रविवारी पेंटर तिथे जातात. बाई चहाचा कप पुढे करतात आणि म्हणतात, "पेंटर, शि चुकलाय."

"जाळी आड येत होती, बाई," पेंटर म्हणतात.