आपांना वाचून दाखवलेली कादंबरी

ताई, मिरज स्टेशनवर तू डबा हातात दिलास आणि दादा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, “तिकडं जाऊन नुसती बसू नकोस.” यांची बँकेतून लखनौला बदली झालेली. मी रडले नाही. कॉलेजातली नोकरी सोडावी लागली म्हणून संतापले होते.

अलीगंजात पहिले सहा महिने सब्जीवाल्या भैयाखेरीज कुणाशी बोलले नाही. मग महिलांच्या एका संस्थेत जाऊ लागले. चिकनचं भरतकाम करणाऱ्या बायकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या आणि त्यांच्या वतीनं व्यापाऱ्यांशी भांडायचं. भांडण मला जमतं, तुला ठाऊकच आहे! दुपारी कादंबरी लिहायची. तिथंच शकीला आपा भेटल्या. नवरा सौदीला आहे, असं त्या मोहल्ल्यात सांगायच्या. तो सोडून गेलाय, हे फक्त मला सांगितलं. मी ते नाव बदलून एका प्रकरणात घातलं. मराठी इथं कोण वाचतंय, असं वाटलं.

प्रकरण दिवाळी अंकात छापून आलं. इथं एकच अंक सगळ्या मराठी घरांतून फिरतो, हे विसरलेच. एअरफोर्सवाल्या एक वहिनी आपांकडून साड्या भरून घ्यायच्या. त्यांनी ओळखलं आणि नवरा सोडून गेल्याची गोष्ट छापून आलीय, हे शेजारणींदेखत आपांना कौतुकानं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी आपांकडे गेले. आपांनी सुईवरची नजर काढली नाही. “पढ़कर सुनाइए. पूरा.”

एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, “इतना कहाँ रोए हम? दो बेटियाँ पढ़ाईं, वो तो आपने लिखा ही नहीं.”

मी माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही. मग मी प्रकाशकाकडे दिलेलं कादंबरीचं हस्तलिखित परत मागवलं आणि पहिल्या पानापासून लिहायला बसले. प्रत्येक प्रकरण आधी आपांना ऐकवायचं, त्या नको म्हणतील ते काढायचं. कधीकधी माझं आवडतं पानच्या पान जातं. जीव तुटतो, पण काढते.

आता यांची पुण्याला बदली झाली आहे. घरी कधी येतेस, असं तू विचारतेस. हे एकटेच पुढं येतील, मी मागाहून. माझी चार प्रकरणं ऐकवायची राहिलीत. मिरज माझं आहेच गं, पण जिथं चूक केली आणि तोंड लपवून पळाले नाही, तेही गाव आता माझंच. आपा शेवटचं पान ऐकेपर्यंत पत्रावर पत्ता अलीगंजचाच घाल.