एका काचेचा नवरदेव

सांगतो, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागे एकदा हे सांगत असताना ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आला होता, आणि धोतर माझं खराब झालं!

मूर्खपणा माणसाच्या हातून एका झटक्यात होतो म्हणतात. माझं तसं नाही. मी तीन वर्षं तयारी करून केला.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि आमचा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात. मी ब्राह्मणपुरीचा. घरी केळी, कापूस, विहिरीवर इंजिन. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोठ्या हौसेनं मला सुरतेला कॉलेजात घातलं. तिथून वर्षभरात मी विद्या काही फारशी आणली नाही, पण एक छंद आणला. तिथल्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या पारशाकडे एकडोळी चष्मे मिळायचे. म्हणजे एकच काच. दांड्या नाहीत, दुसरी काच नाही. भुवई आणि गाल यांच्या चिमट्यात ती धरायची, आणि पडलीच तर हरवू नये म्हणून काळी रेशमी दोरी कोटाच्या गुंडीला बांधायची. साहेब लोक गेले, त्यांच्या काचा मागे राहिल्या. त्या मी गोळा करायला लागलो. सोन्याच्या कडेची, चांदीच्या कडेची, कासवाच्या पाठीच्या कडेची, अशा करता करता सात झाल्या. वारागणिक एक!

माझे दोन्ही डोळे ठणठणीत होते, हे आताच सांगून टाकतो. काच होती ती केवळ रुबाबाची.

पण रुबाबालाही कष्ट पडतात बरं का! हसलं की काच पडते. आश्चर्य वाटलं की पडते. म्हणून तीन वर्षं मी कशालाच हसलो नाही, आणि मला कशाचंच आश्चर्य वाटलं नाही. गावाला वाटलं, शिक्षणाचा परिणाम असेल.

बापूंची मात्र पंचाईत झाली. ते पारावर गेले की कोणीतरी हमखास विचारायचं, "बापू, औंदा कापूसले भाव नही भेटना का? पोऱ्याले अर्धाच चष्मा लई दिना!"

बापू घरी येऊन माझ्यावर ओरडायचे, "दोन काचना ले रे भो! पैसा मी देस! पन मन्ही इज्जत अशी अर्धी करू नको!"

मी काच सावरून त्यांच्याकडे नुसता बघायचो. त्यानं ते आणखी भडकायचे.

पुढे लग्नाचं बघायला लागले. पहिल्या स्थळानं कळवलं, मुलगा काणा आहे, काचेनं झाकतो. दुसरं स्थळ नंदुरबारचं. ऐन मिरचीच्या हंगामात गेलो. बाजारात मिरचीचे ढीग पडलेले, हवेत नुसता खकाणा. माझ्या काचेमागून एकाच डोळ्यातून सारखं पाणी. त्यांनी कळवलं, मुलगा हळवा दिसतो, शेती कशी सांभाळणार? तिसऱ्या ठिकाणी मी मुलीच्या मावशीला डोळा मारला, असं निघालं. मी फक्त काच घट्ट धरली होती हो!

चौथं स्थळ तापीकाठच्या प्रकाशा गावचं, माझ्या मामांनी आणलेलं. मुलगी सातवी फायनल पास. रोज संध्याकाळी वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि वाचता वाचता पुढाऱ्यांच्या चुकाही काढते म्हणे. ऐकूनच मी गार झालो. मला अशीच बायको हवी होती. इथं थट्टा करत नाही, खरंच हवी होती. मुलीचं नाव सुमन.

बापूंनी बजावलं, "हाई शेवटलं. आते नही जमनं, तर मी ठरावसू ती पोर करनी पडी. मुकाट्या!"

"बरं," मी म्हणालो.

"आनि ती काच घरी ठेव."

"ते जमणार नाही."

"मंग मन्हा गाडामा बसू नको!"

झालं! बापू आणि मामा बैलगाडीनं निघाले, आणि मी कोट, पाटलोण आणि सोन्याच्या कडेची काच अशा थाटात एस.टी.नं. साहजिकच मी त्यांच्या दीड-दोन तास आधी पोहोचलो. थांबावं की नाही त्यांच्यासाठी? पण रुबाबदार माणूस थांबत नसतो.

घर विचारत गेलो. ओट्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, आणि बाजूला मुलीचे वडील. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांनी माझ्या काचेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"उनात का! बठा, बठा! सकायपशी वाट देखी ऱ्हायनूत."

तीन स्थळं फिरलो होतो. काचेकडे बघून आनंद झालेला हा पहिलाच माणूस! मला गहिवरून आलं. चहा आला. मला आत न नेता ओट्यावरच घोंगडीवर बसवलं, याचं जरा नवल वाटलं, पण मी काच पडू दिली नाही.

मग आबांनी आतून एक भिंतीवरचं घड्याळ आणलं. हे एवढं मोठं, लोलकाचं, टोले देणारं. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "दोन महिना व्हई ग्यात, बंद पडेल शे. दखा बरं, तुम्हना डोळाले काय दिसस ते."

आता इथं माझी अक्कल कशी चालली बघा. आपल्याकडे मुलगी बघायला गेलं की काय करतात? तिला सुईत दोरा ओवायला लावतात, नजर कशी आहे ते कळावं म्हणून. चालायला लावतात, वाचायला लावतात. मी मनात म्हटलं, वा! किती सुधारलेलं घर आहे! इथं मुलाची परीक्षा घेतात! काचेबद्दल यांच्या कानावर आलंय, म्हणून सुईदोऱ्याऐवजी घड्याळ दिलंय. चांगलं आहे, पुरुषाला साजेसं आहे. आता या परीक्षेत नापास व्हायचं नाही. एक कॉलेजातली झाली तेवढी बस झाली.

आबांनी एक पेचकसही ठेवला. मी कोट काढला, बाह्या सारल्या आणि लागलो खोलायला. यंत्रातलं मला काय कळत होतं? शेतावरचं इंजिन बंद पडलं की मी लाथ मारायचो. इथं लाथ मारून चालणार नव्हतं, म्हणून एकेक पेच काढत गेलो आणि काढलेला भाग समोर मांडत गेलो.

"ओ बाय," आबांनी आत हाक दिली, "घड्याळवालाले राकेल आनि चिंधी दे वं."

घड्याळवाला? मला वाटलं, चेष्टा करतात. होणाऱ्या जावयाची करतातच.

आतून एक मुलगी राकेलची वाटी घेऊन आली. पदर खोचलेला, हाताला पीठ, साडी धुऊन धुऊन विटलेली. शेजारची कोणी मदतीला आली असेल, असं मी धरून चाललो. नवरी मुलगी त्या दिवशी न्हाऊनमाखून, नटून आत बसलेली असते, हे काय मला माहीत नव्हतं?

आबा उठले आणि खांद्यावर उपरणं टाकलं. "हात चलावा भो जरा. दुपारले पाव्हना येवावाला शेतस. त्यासनापहिले टोला पडाले पाहिजे."

"पाहुणे? कुठले?"

"ब्राह्मणपुरीना. पोर देखाले येई ऱ्हायनात. बरं व्हयनं, नंदुरबारथून तुम्ही येळवर उनात." असं म्हणून ते पेढे आणायला निघून गेले.

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. डोळ्यात एकच काच असलेला माणूस प्रकाशाला एकच ठाऊक होता, डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी! नंदुरबारहून एक येणार होता, त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्याच्या जागी मी बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, मग तिथंच सांगून टाकायचं! अहो, घड्याळाचे चौदा तुकडे पुढ्यात मांडून "मीच तो नवरदेव" असं कोण सांगेल? ठरवलं, आधी हे जोडायचं, मग गुपचूप निघून वेशीवर बापूंच्या गाडीत चढायचं आणि नव्यानं यायचं.

ती मुलगी तिथंच उंबऱ्याला टेकून बसली होती. म्हणाली, "भाऊ, त्या ब्राह्मणपुरीना पोऱ्याले तुम्ही वळखतस का?"

मान वर करण्याची माझी हिंमत नव्हती. काच घड्याळात खुपसून मी म्हणालो, "ओळखतो की. चांगलाच ओळखतो."

"कसा शे?"

आता सांगा, अशी संधी कोण सोडेल? ही आत जाऊन मैत्रिणीला सांगणार, म्हणजे आपलं काम झालंच की!

"लाखात एक!" मी म्हणालो. "अत्यंत हुशार. स्वभावानं गरीब. आणि नम्र किती! स्वतःबद्दल एक चांगला शब्द तोंडातून काढणार नाही."

"मंग तीन जागावर नकार काब भेटना, भाऊ?"

"लोक जळतात."

"आस्स!" ती म्हणाली. "डोळावर काहीतरी लावस म्हने?"

मी घाईनं म्हणालो, "मोठी माणसं लावतातच काहीतरी." आणि मग जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. पुढे बोलून गेलो, "त्याला काय, दहा मुली रांगेत उभ्या आहेत. इथं आपला मामांच्या शब्दाखातर येतोय. तुमची मुलगी कशी आहे पण?"

"शे अशीच," ती म्हणाली. "मन्हासारखी."

"असू दे, असू दे. तो सांभाळून घेईल."

तिनं राकेलची वाटी माझ्यापुढे जरा जोरातच सरकवली. मला वाटलं, भारावली असेल.

तेवढ्यात मी शेवटचा पेच फिरवला. तो फिरवायचा नसतो. सर्रर्र करून आतली कमान सुटली, माझ्या कानाजवळून गेली, आणि तिच्यामागोमाग तीन-चार चाकं उडून थेट मिरच्यांत! मी दोन्ही हात मिरच्यांत कोपरापर्यंत घालून ती चाकं शोधायला लागलो. दोन सापडली. घामानं काच घसरायला लागली, म्हणून ती नीट बसवायला त्याच हातानं डोळा चोळला.

आई गं! काय सांगू! दुसऱ्या डोळ्यात काय झालं म्हणून तोही चोळला!

"भाऊ, हात काढा! हात काढा म्हनस ना!" ती मुलगी धावली. लोट्यानं डोळ्यांवर पाणी मारायला लागली. मी ओट्यावर उकिडवा, तोंड वर करून रडतोय, काच दोरीला लोंबकळतेय, आणि अशा वेळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पाठोपाठ बापूंचा.

"मध्या! काय करी ऱ्हायना रे तू?"

तितक्यात आबाही पेढे घेऊन पोहोचले. "बापू, तुम्ही या घड्याळवालाले वळखतस का?"

"घड्याळवाला?" बापू म्हणाले. "हाऊ मन्हा पोऱ्या शे!"

पुढचं मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आधी नुसते बैलांचे घुंगरू ऐकू आले. मग मामा हसायला लागले, मग आबा. बापू हसले नाहीत. पण आबा माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, "जाऊ द्या बापू, घड्याळ काय, दुसरं भेटी. पोऱ्या मेहनती तं शे!" सगळे घोंगडीवर बसले. पेढे आले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, गाडी अजून रुळावर आहे. आता आपण जरा पुढाकार घ्यावा, सुशिक्षितपणा दाखवावा. मी घसा साफ केला आणि शुद्ध मराठीत बोललो.

"आबा, झालं ते झालं. आता मुलीला बोलवा. मला बघू द्या."

मामांनी तोंडाशी नेलेला पेढा परत ठेवला.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारी लोटा घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलीकडे. "मंग हाई कोन शे?" ते म्हणाले. "तासभर तुम्हनाच जोडे तं बशेल व्हती!"

मी जळजळत्या डोळ्यांनी पहिल्यांदा नीट वर बघितलं. सुमन. चेहरा शांत, ओठ घट्ट मिटलेले, फक्त डोळे हसत होते. आणि खरं सांगू, इतके बोलके डोळे मी त्याआधी पाहिले नव्हते. काळजात कळ आली. ती मिरचीची नव्हती.

आबा सुधारलेले होते, हा माझा अंदाज मात्र बरोबर निघाला. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "माय, तुले काय वाटस? सांग बरं."

"आबा, मन्ही ना नही," सुमन म्हणाली.

बापूंनी सुस्कारा सोडला. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी तर हसलोच, तीन वर्षांत पहिल्यांदा.

"या भाऊनी ज्या पोऱ्यानं सांगं ना," ती पुढं म्हणाली, "हुशार, गरीब, सोतानी बढाई न करनारा, तो माले पसंत शे. तो उना का माले हाक मारा. तवलगून या भाऊले घड्याळ जोडी देवाले सांगा."

आणि लोटा घेऊन आत गेली.

पुढच्याच वर्षी तिचं दोंडाईच्याला लग्न झालं. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. बापूंनी ठरवली ती मुलगी मी मुकाट्यानं केली. ती चांगली निघाली, तिचं नशीब तेवढं फुटकं. पण तो जो हुशार, गरीब, नम्र मुलगा मी प्रकाशाला सांगितला होता ना, त्याची मी तेव्हापासून वाट बघतोय. मलाही तो अजून कुठं भेटलेला नाही.